खिशातले दोन तास

दुकानाच्या दारातून ती बाहेर पाऊल टाकणार तोच दारातली कमान ओरडली. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या खांबांवर लाल दिवे लागले आणि बारीक, चिरका आवाज सुरू झाला. मागे रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. दारावरचा रखवालदार स्टुलावरून उठला, रोज दहादा उठणाऱ्या माणसासारखा सावकाश, आणि हात पुढे करून म्हणाला, "पिशवी बघू." तिने पिशवी पुढे केली नाही. दोन खांबांच्या मधोमध ती तशीच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "हो. मीच केलं." रखवालदाराने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या बोटांतून पिशवी हळूच सोडवून घेतली, आतला पांढरा शर्ट उलगडला आणि कॉलरच्या आतल्या बाजूला अडकवलेला टॅग तिला दाखवला. "काही केलेलं नाही तुम्ही, बाई. काउंटरवरची मुलगी हा काढायला विसरली. पावती आहे ना? मग झालं तर." मागून कोणीतरी हसलं. टॅग काढून आणेपर्यंत ती तिथेच उभी होती.

आपण काय बोललो हे तिला रस्त्यावर आल्यावर कळलं. दोन महिने हेच शब्द तोंडातून निघत नव्हते. ताईसमोर निघाले नाहीत. न्हाणीघरात नळ सोडून, भिंतीकडे तोंड करून तिने ते म्हणून बघायचा प्रयत्न केला होता. तिथूनही शेवटी नळ बंद करून ती तशीच बाहेर आली. आणि आज, जे केलं नव्हतं त्याच्यासाठी, एका अनोळखी रखवालदारासमोर ते असे घरंगळत बाहेर पडले. ताईच्या घरी जाणारी बस समोरच उभी होती. ती बसमध्ये चढली नाही. चालत गेलं तर अर्धा तास लागतो. तेवढा अर्धा तास तिला हवा होता. सकाळी ताईचा फोन आला होता. "तुझ्या कारखान्याच्या वाटेवर ते कपड्यांचं मोठं दुकान आहे ना, तिथून यांच्यासाठी एक शर्ट घेऊन ये. पांढरा, आणि पूर्ण बाह्यांचा. उद्या चौकशीत हातावरचे डाग दिसायला नकोत." भट्टीवर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातांवर असतात तसे डाग भाऊजींच्या हातांवर होते, मनगटापासून कोपरापर्यंत, कुठे गुलाबी, कुठे काळपट. ते झाकले म्हणजे माणूस निर्दोष दिसेल असं ताईला का वाटावं? पण ताईला आता काहीही वाटत होतं. परवा तिने भाऊजींचे बूट तीनदा पुसले.

कारखान्यात वजन उचलायच्या यंत्रांचे हूक बनतात. तळहाताएवढ्यापासून हाताएवढे. हूक आधी पहिल्या भट्टीत लालबुंद तापवतात आणि तेलात बुडवतात; त्याने तो कडक होतो, पण नुसता कडक, काचेसारखा. म्हणून मग दुसऱ्या भट्टीत मंद आचेवर दोन तास ठेवतात, तेव्हा कुठे त्याच्यात भार सोसायची ताकद येते. ही दुसरी भट्टी भाऊजींची. चाळीस हुकांचा एक ट्रे, आणि ट्रेबरोबर पूर्वी एक कागद फिरायचा. त्यावर भाऊजी पेन्सिलीने वेळ टाकायचे आणि सही करायचे, आणि कागद पुढच्या टेबलावर पोचेपर्यंत तेलाने पारदर्शक झालेला असायचा. चार वर्षांपूर्वी कागद गेले आणि टॅग आले. बिस्किटाएवढी काळी चकती, आत न दिसणारी तार. भट्टीच्या तोंडाशी एक कमान, मागच्या बाजूला दुसरी, तपासणीपाशी तिसरी, ट्रक लागतो तिथे चौथी, आणि पुढे माल उतरतो त्या गोदामांच्या दारांतही तशाच. ट्रे कमानीखालून गेला की हिरवा दिवा, आणि तिकडे कॉम्प्युटरवर आपोआप नोंद. टॅग विकणाऱ्या कंपनीचा माणूस सगळ्यांना शिकवायला आला होता. "माणूस खोटं बोलतो, टॅग बोलत नाही," तो म्हणाला, आणि सगळे हसले. भाऊजींनी तेवढं विचारलं, "हूक तापला की नाही, हे टॅगला कसं कळतं?" तो म्हणाला, "ते त्याला कळायची गरजच नाही, काका. ट्रे आत गेला, दोन तास राहिला, बाहेर आला. एवढं कळलं की पुरे." भाऊजींनी मान हलवली. आपलं काम आता एवढंच उरलं, असा काहीतरी अर्थ त्या मान हलवण्यात होता, पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. भाऊजी कधी काही बोलून दाखवतच नाहीत.

टॅग आले तसं ते बांधायला माणूस लागलं. ट्रेला टॅग बांधायचा, ट्रेचा नंबर आणि हुकांवर ठोकलेले नंबर कॉम्प्युटरवर जोडायचे, माल पोचवून रिकामा ट्रे परत आला की टॅग सोडवून पुन्हा वापरायला घ्यायचा. नवरा घर सोडून गेल्याला तेव्हा सहा महिने झाले होते, मुलगी शाळेत होती, आणि भाऊजींनीच साहेबांकडे शब्द टाकून तिला तिथे लावलं. पहिल्या दिवशी तिला टेबलापाशी नेऊन सोडताना म्हणाले, "भिऊ नकोस. मी पलीकडेच आहे." कारखान्यात सगळे तिला टॅगवाली म्हणायला लागले, मग भाऊजीही म्हणायला लागले, घरी जेवताना सुद्धा. "टॅगवाली, भाजी वाढ." तिला ते आवडायचं. आपल्याला काहीतरी नाव आहे, असं बऱ्याच दिवसांनी वाटलं होतं.

रस्त्याच्या कडेला एक उंच इमारत उभी राहत होती. वर कुठेतरी लोखंडी सळ्यांचा भारा दोरखंडावर लोंबकळत हळूहळू गोल फिरत होता. ती पलीकडच्या फुटपाथवर गेली. गेले दोन महिने ती अशीच चालते, मान वर करून. लोकांना वाटतं बाई घर शोधतेय.

तो शनिवार होता. दुपारी दोनला शिफ्टचे साहेब तिच्या टेबलापाशी आले. तिच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, नेहमी शर्टाच्या बाह्या दुमडलेले, घाईत असले की एका पायावर उभे राहणारे. एक ट्रे दुसऱ्या भट्टीत बसला नव्हता. भट्टी भरली होती, पुढची खेप साडेचारला लागणार होती, आणि ट्रक साडेचारला सुटायचा होता. "बाई, मागच्या सारखं करू," ते म्हणाले. मागच्या सारखं म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही, कारण तसं तिने आधी तीनदा केलं होतं. टॅग ट्रेवरून सोडवायचा. तो हातात घेऊन भट्टीच्या पुढच्या कमानीखालून जायचं, दिवा हिरवा. मग चॉकलेटच्या चांदीच्या कागदात टॅग गुंडाळायचा, म्हणजे वाटेत दुसऱ्या कुठल्या कमानीला तो दिसत नाही, आणि खिशात ठेवायचा. दोन तासांनी कागद काढून मागच्या कमानीखालून जायचं. दिवा हिरवा. मग टॅग परत ट्रेला बांधायचा. चाळीस हूक कोपऱ्यात ताडपत्रीखाली गार पडून राहायचे आणि तिच्या अंगावरच्या निळ्या डगल्याचा खिसा त्यांच्या वतीने भट्टीतून निघायचा. पहिल्यांदा तिने विचारलं होतं, "भाऊजींना सांगू का?" साहेब हसून म्हणाले होते, "त्यांच्या डोक्याला आणखी ताप कशाला? आधीच भट्टीपाशी असतात." आणि म्हणाले होते, "अहो, या हुकांवर एवढा भार येतच नाही कधी. दुसरी भट्टी म्हणजे नुसती मनाची खात्री." हे खरं नाही हे तिला ठाऊक होतं का? ती स्वतःला हा प्रश्न विचारायची आणि उत्तर येण्याआधीच दुसऱ्या कशाचा तरी विचार करायला लागायची. ती तेव्हा हंगामी होती. दर सहा महिन्यांनी तिचं नाव वर जायचं आणि साहेबांच्या सहीने परत यायचं. तिसऱ्या वेळेनंतर तिला कायम केलं. ताईने त्या दिवशी तिला मिठी मारली आणि म्हणाली, "बघ, प्रामाणिकपणाला कोणीतरी बघत असतं."

पाच महिन्यांनी, दूरच्या एका शहरातल्या गोदामात, एक हूक तुटला. वाकला नाही, ताणला गेला नाही; तुटला, बशीसारखा. खाली माल उतरवणारा एकतीस वर्षांचा माणूस होता. कारखान्यात ही बातमी आली ती एका पारदर्शक पिशवीतून: हुकाचे दोन तुकडे, तुटल्या जागी राखाडी दाणे चमकणारे. हुकावरचा नंबर कॉम्प्युटरवर घातला आणि अर्ध्या मिनिटात सगळं समोर आलं. ट्रे चव्वेचाळीसशे सतरा. दुसऱ्या भट्टीत प्रवेश दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर चार वाजून सोळा. भट्टीवर हजर: भाऊजींचं नाव. कॉम्प्युटरसमोर तीच बसली होती. कळ तिनेच दाबली होती. मागे उभे असलेले मोठे साहेब म्हणाले, "वा, काय सोय आहे." त्या ट्रेतले उरलेले एकोणचाळीस हूक परत मागवले, घणाखाली घातले, आणि बिस्किटासारखे फुटले. त्याच खेपेतले बाकीचे सगळे ट्रे चोख निघाले. म्हणजे भट्टी ठीक होती. म्हणजे हा एकच ट्रे भरणाऱ्याने कुठेतरी अडचणीत, आच न पोचेल असा कोंबला. दुसरं काय असणार? भाऊजींना घरी बसवलं. शिफ्टचे साहेब तिच्याशी त्याविषयी एकदाच बोलले, जिन्यात, एका पायावर उभे राहून. "तुम्ही काही बोलू नका, मी काही बोलत नाही. फार तर त्यांना लवकर निवृत्ती देतील. आपण दोघं मात्र आत जाऊ."  मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. जिन्यातून खाली उतरताना तिने कठड्याला हात लावला नाही, जणू त्यावरही काही उमटलं असतं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची होती, जिची तिने कल्पनाही केली नव्हती. पहिला आठवडाभर भाऊजी म्हणत होते, "असं होणारच नाही. मी ट्रे कधी कोंबत नाही." दुसऱ्या आठवड्यात म्हणायला लागले, "त्या दिवशी गर्दी होती, एवढं खरं." तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी, ती समोर बसलेली असताना, त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "तिसऱ्या थरात होता. डाव्या कोपऱ्यात. मला तेव्हाच वाटलं होतं, इथे आच कमी लागेल. पण दार लावलं." ताई रडायला लागली. ताईला रडत सोडून ती पाणी प्यायला आत गेली आणि भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. जो ट्रे तिथे कधी गेलाच नाही तो त्यांना दिसत होता, कोपऱ्यासकट. टॅग सांगतो ट्रे आत होता, आणि टॅग खोटं बोलत नाही. मग न आठवणारी आठवण डोक्याने तयार करून दिली होती, चोख, चाळीस हुकांची.

ती ताईच्या घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. दोन खोल्यांचं घर, गॅलरीत दोरीवर ताईच्या साड्या. भाऊजी खुर्चीत बसून एक कागद पाठ करत होते. दोन महिन्यांत त्यांच्या गळ्याची कातडी सैल झाली होती.

"आलीस, टॅगवाली? बस. हे ऐक जरा, नीट झालंय का बघ." त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'सदर ट्रे मी स्वतः तिसऱ्या थरात, डाव्या कोपऱ्यात ठेवला. जागा अपुरी आहे हे माझ्या लक्षात आलं होतं...'"

"भाऊजी, हे कशाला लिहून देता?"

"झालंय ते लिहून द्यायला नको?"

ताई शर्टाच्या घड्या मोडत होती. "मी पण तेच म्हणते. वकील म्हणाले गप्प राहा, तर हे ऐकत नाहीत. आणि अजून एक सांगा ना तिला. दर बुधवारी कुठे जाता ते सांगा."

भाऊजींनी पुन्हा कागद वर धरला. मग ताईनेच सांगितलं. दर बुधवारी पहाटेची गाडी पकडून ते त्या शहरात जात होते. गेलेल्या माणसाच्या इमारतीखाली उभे राहत. पहिल्या दोन वेळा नुसतेच. तिसऱ्या वेळी त्याची बायको खाली आली, तिला वाटलं हे नवऱ्याच्या कामावरचे कोणीतरी. तिने वर बोलावलं, पाणी दिलं. आता ते तिच्यासाठी रेशन आणतात, तिचा बंद पडलेला पंखा दुरुस्त करतात. आपण कोण हे त्यांनी तिला सांगितलेलं नाही.

"सांगणार आहे," भाऊजी म्हणाले. "उद्याचं झालं की सांगणार आहे. कागदावर आलं की सांगायला सोपं जाईल."

तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत तिघंच होती, ताईने शर्ट त्यांच्या खांद्याला लावून बघितला होता, आणि शब्द तासाभरापूर्वी एकदा बाहेर पडून आले होते, त्यांना वाट माहीत झाली होती. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "बाह्या जरा लांब आहेत." ताई म्हणाली, "असू दे, आत घालीन." मग ती निघाली. तिच्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात, एक चिठ्ठी होती. तिच्यावर तीन नंबर लिहिले होते. एकोणचाळीसशे दोन. चार हजार पंचावन्न. बेचाळीसशे तीस. आधीच्या तीन वेळांचे तीन ट्रे. त्यांच्याविषयी कोणी काही विचारलंच नव्हतं, कारण रेकॉर्डवर ते चोख होते. एकशे वीस हूक, कुठे कुठे टांगलेले, आणि त्यांच्याखाली येणारी-जाणारी माणसं.

चौकशी सकाळी अकराला कंपनीच्या मोठ्या खोलीत होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला मोठे साहेब, शिफ्टचे साहेब आणि कंपनीचे वकील. मधोमध सरकारी सुरक्षा खात्याच्या तपासणी अधिकारी बाई, पांढरे केस मागे घट्ट बांधलेल्या, सर्दी झालेल्या. तिला बोलावलं होतं ते फक्त रेकॉर्डचा कागद सादर करायला. भाऊजी नव्या शर्टात बसले होते. बाह्या मनगटाखाली आल्या होत्या आणि शाळेतल्या मुलासारखी त्यांची फक्त बोटं दिसत होती. त्यांनी आपला कागद वाचला, एकही शब्द न चुकता. अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि तिच्याकडे वळल्या.

"हा रेकॉर्ड तुम्ही काढला?"

"हो."

"बरोबर आहे?"

"रेकॉर्ड बरोबर आहे." तिला स्वतःचा आवाज दुरून आल्यासारखा वाटला. "टॅग भट्टीत गेला होता. ट्रे गेला नव्हता. टॅग माझ्या खिशात होता."

मग तिने सगळं सांगितलं. चांदीचा कागद, दोन कमानी, ताडपत्री. सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत, याचं तिला आश्चर्य वाटलं. शिफ्टचे साहेब शांतपणे म्हणाले, "असं काहीही झालेलं नाही." वकिलांनी चष्मा काढला. "बाई, घरी बसवलेले हे गृहस्थ तुमचे कोण?"

"मेहुणे. ताईचे यजमान."

"तुम्हाला इथे नोकरीला यांनीच लावलं?"

"हो."

"बस. मला आणखी काही विचारायचं नाही." ते अधिकारी बाईंकडे वळले. "माणसाला नातेवाईक असतात, मॅडम. रेकॉर्डला नसतात."

आणि मग भाऊजी उभे राहिले. तिला वाटलं होतं ते रागावतील, किंवा रडतील, किंवा नुसते तिच्याकडे बघतील. ते हात जोडून अधिकारी बाईंना म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका. ती मला वाचवायला बघतेय. फार मायेची आहे. ट्रे मी भरला, मला चांगलं आठवतं." तिने पर्स उघडली. कप्प्याची चेन अडकली, तिने ती ओढून फाडली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे तीन ट्रे बघा. यांतला कुठलाही हूक घणाखाली घाला. माझं नातं त्यांच्याशी नाही." वकील काहीतरी म्हणायला लागले. अधिकारी बाईंनी हात वर केला, चिठ्ठी ओढून घेतली, आणि शिफ्टच्या साहेबांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. साहेबांचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

तीन दिवसांत हूक सापडायला लागले. ज्या टॅगांनी एवढं खोटं वागवलं होतं त्यांच्याच नोंदींनी पत्ते दिले: ट्रे कुठल्या गोदामात उतरला, कुठल्या ट्रकने पुढे गेला, कुठल्या दुकानात त्यातला माल सुटा झाला. एका बंदरावर बावीस, एका दगडाच्या खाणीत नऊ, एका मोठ्या छापखान्यात चार. घणाखाली सगळे फुटले. एकशे वीसपैकी एकशे सतरा मिळाले. ट्रेमधून सुटा काढलेल्या हुकाला टॅग नसतो. तीन हूक कुठे गेले हे कोणालाच सांगता आलं नाही. शिफ्टच्या साहेबांना आणि तिला कामावरून काढलं, दोघांवर खटला उभा राहिला, तारखा पडायला लागल्या. हॉस्पिटलांचे कपडे धुणाऱ्या एका लाँड्रीत तिला घड्या घालायचं काम मिळालं. मुलगी तिच्याशी बोलायची, पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, भिंतीआडून. आणि भाऊजींना कंपनीचं पत्र आलं, शिक्क्याचं, की त्यांच्यावरचा ठपका मागे घेण्यात येत आहे.

पत्र त्यांनी वाचलं आणि घडी घालून ठेवलं. "त्यांची काहीतरी चूक झालीय," ते ताईला म्हणाले. "मला तो ट्रे आठवतो." बुधवारी ते पुन्हा पहाटेच्या गाडीने गेले. त्या रविवारी ताई लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. चौकशीनंतर ती पहिल्यांदाच समोर येत होती. आत आली नाही. म्हणाली, "मला तुझ्याशी काही बोलायचं नाहीये. पण हे तू त्यांच्या डोक्यात घातलंस, तूच काढ. उद्या संध्याकाळी ये."

सोमवारी ती गेली. गुरुवारी गेली. पुन्हा पुढच्या सोमवारी. ताई दार उघडायची आणि आत निघून जायची. भाऊजी खुर्चीत, ती समोर स्टुलावर बसायची आणि पहिल्यापासून सांगायची. ते नीट ऐकून घ्यायचे, मध्ये मध्ये "बरं" म्हणायचे, आणि शेवटी अगदी मृदूपणाने म्हणायचे, "पण तिसऱ्या थरात होता गं तो." चौथ्या की पाचव्या वेळी ती सांगून सांगून दमली. तोच तो खिसा, तीच ती कमान. शब्द धुऊन धुऊन पांढरे पडले होते. तिचं तिलाच ते सगळं ऐकीव वाटायला लागलं.  आत ताई भांडी घासत होती.

"त्या दोन तासांत तू काय करत होतीस?" भाऊजींनी एकदम विचारलं. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. अधिकारी बाईंनी नाही, वकिलांनी नाही. तिने स्वतःही नाही.

"काम करत होते." मग ती थांबली. "मग चहाला आले. तुमच्याकडे. भट्टीपाशी."

"माझ्याकडे?"

"साडेतीनला. तुम्ही बाकावर बसला होता. तुमच्यातला अर्धा चहा मला दिलात. आणि साहेबांची गंमत सांगितलीत. भट्टीचा काटा हलत नाही म्हणून सांगायला गेलात, तर ते घाईत म्हणाले, त्याला नोटीस काढा."

भाऊजी पुढे वाकले. त्यांच्या कपाळावर एक शीर दिसायला लागली. "तू हसलीस," ते म्हणाले. "चहा सांडला हातावर. मी फडकं दिलं तुला."

"हो."

"तो शनिवार होता?"

"तोच शनिवार."

"आणि तेव्हा तो टॅग..."

"खिशात होता. तुमच्या बाजूच्या."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. भाऊजींनी डोळे मिटले, त्या संध्याकाळी मिटले होते तसेच, आणि बराच वेळ मिटून ठेवले. तिला कळलं की ते आत भट्टीचं दार उघडून बघताहेत: पहिला थर, दुसरा, तिसरा, डावा कोपरा. मग त्यांनी डोळे उघडले. सुटल्याचं त्यांत काही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं होतं, ज्याच्या आधाराने ते इतके दिवस बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, तिला ओळखत असल्यासारखं.

"नव्हता तिथे," ते म्हणाले.

"नव्हता, भाऊजी."

"मग इतकं मनापासून हसू कसं आलं गं तुला?"

रागाने विचारलं नव्हतं. भट्टीचा काटा असा का थांबला हे ज्या कुतूहलाने विचारत तसं विचारलं होतं. तिने शोधलं. काहीतरी सापडायला हवं होतं: भीती, ढोंग, लपवायची धडपड. त्या साडेतीनच्या चहात यातलं काहीच नव्हतं. खिशात टॅग होता, हातात चहा होता, अंगाला भट्टीची ऊब येत होती, आणि भाऊजी साहेबांसारखे एका पायावर उभे राहून दाखवत होते.

"गंमत चांगली होती," ती म्हणाली.

भाऊजींनी मान हलवली. ते उठले, आतल्या खोलीत गेले, आणि त्यांनी आतून कडी घातल्याचा आवाज आला. त्या घरात ती कडी लावलेली तिने कधी ऐकली नव्हती. ताई बाहेर आली, ओले हात पदराला पुसत. तिने कोपऱ्यातली पर्स उचलली, चेन तुटलेली होती म्हणून आतलं सांडणार नाही अशी बेताने धरली, आणि धाकट्या बहिणीच्या हातात दिली.